हजार प्रती छापण्याआधी दोनशे नावं लिहून काढा

नमस्कार काका. वयाने तुम्ही मोठे आहात, म्हणून काका म्हणते. ज्यांनी तुमचा प्रश्न वाचला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. काका कागल तालुक्यातले. सहकारी साखर कारखान्याच्या शेती खात्यात चिटबॉय म्हणून, म्हणजे ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारा म्हणून लागले आणि ३१ वर्षांनी गट ऑफिसचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले. ऊसतोडीच्या हंगामांवर त्यांनी साधारण २०० पानांचं पुस्तक लिहिलंय. दोन प्रकाशकांकडे हस्तलिखित आठ-नऊ महिने पडून राहिलं, हो नाही की नाही नाही. आता एका कंपनीने ८५,००० रुपयांचं पॅकेज पुढे केलंय. त्यात १,००० प्रती, आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) आणि 'सर्व ऑनलाइन दुकानांवर विक्री' मिळणार आहे, आणि महिनाअखेरपर्यंत निर्णय मागितलाय. काका विचारतात, "स्वखर्चाने काढलेलं पुस्तक चालतं का? कुणाचं चालतं, कुणाचं पडून राहतं, हे नेमकं कशावर ठरतं?"

मी २००१ साली कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत डीटीपी ऑपरेटर म्हणून, म्हणजे संगणकावर पानं जुळवायच्या कामाला लागले. आता माझं स्वतःचं छोटं ऑफिस आहे. पुस्तकाची मांडणी, प्रूफ, छपाईवर देखरेख आणि त्यानंतर लेखकाबरोबर विक्रीची धावपळ, हे सगळं मी करते. स्वखर्चाने पुस्तक काढणारे दीडशेच्या वर लेखक या टेबलासमोर बसून गेलेत. पुढे जे लिहितेय ते या लोकांचं काय झालं ते बघून लिहितेय.

काका, तुमचा प्रश्न पैशाचा दिसतो, पण घोडं अडतं ते दुसरीकडे. पदरमोड करून पुस्तक काढायचं ठरवलं की त्या दिवसापासून तुम्ही प्रकाशक होता. लेखक म्हणून तुमचं काम झालेलं असतं आणि प्रकाशक म्हणून ते तेव्हा कुठे सुरू होतं. हे दुसरं काम कुणीतरी करावंच लागतं. पॅकेज घेतल्याने ते होत नाही, कारण पॅकेजवाल्यांची कमाई तुम्ही पैसे भरता तेव्हाच पूर्ण होते. पुस्तक विकलं गेलं काय आणि नाही काय, त्यांच्या हिशेबात फरक पडत नाही. माझ्या अनुभवात पुस्तकाचं भवितव्य बरंचसं छापखान्यात जाण्याआधीच ठरलेलं असतं. लेखकाला आपला वाचक नावानिशी माहीत आहे का, हस्तलिखितावर दुसऱ्या कुणाचा हात फिरलाय का आणि किती प्रती छापायच्या हा आकडा कुठून आला, या गोष्टी कळल्या की मला पुस्तकाचा अंदाज येतो.

काही गोष्टी परिस्थितीवर असतात हेही सांगते. कवितासंग्रहाचं गणित वेगळं. एका बाईंनी २०० प्रती काढल्या, त्यातल्या निम्म्या भेट दिल्या, आणि त्यांच्या मनासारखं झालं. त्यांना तेवढंच हवं होतं. एखाद्याला हिंडता येत नाही, एखाद्याची मुलं मोबाइलवरचं सगळं सांभाळतात, एखाद्याच्या गावात वाचनालयच नाही. तुम्हाला पैसे सुटायला हवेत, की तोडणी कामगारांचं जगणं लोकांपर्यंत जायला हवं, हे तुम्ही प्रश्नात लिहिलेलं नाही. मी असं धरून चालते की घातलेला पैसा परत यावा आणि पुस्तक अनोळखी माणसानेही वाचावं, एवढी तुमची अपेक्षा आहे.

आता एक प्रसंग सांगते, कारण १,००० हा आकडा दिसला की मला तोच आठवतो. इथल्याच एका गृहस्थांनी आपल्या गावाचा इतिहास लिहिला होता. पुस्तक चांगलं होतं, दहा-बारा वर्षं मेहनत घेतलेली. छापताना त्यांना सांगितलं गेलं की ५०० छापा नाहीतर १,०००, प्लेटचा खर्च तोच, मग हजारच काढा, प्रत स्वस्त पडते. हिशेब खरा होता. २०१७ साली पुस्तक आलं. वर्षभरात २६० प्रती गेल्या आणि उरलेल्या शाहूपुरीतल्या त्यांच्या तळमजल्यावरच्या खोलीत राहिल्या. ऑगस्ट २०१९ च्या महापुराचं पाणी त्या खोलीत शिरलं. पाणी ओसरल्यावर मी गेले होते. वीस-वीस प्रतींचे गठ्ठे फुगून सुतळ्या तुटल्या होत्या. कव्हरला लॅमिनेशन होतं, त्यामुळे चिखल पुसल्यावर मुखपृष्ठ कालच छापल्यासारखं चकचकीत दिसत होतं. आतली पानं मात्र एकमेकांना चिकटून विटेसारखी झाली होती, नखानेसुद्धा सुटत नव्हती. त्या प्रती पुराने नेल्या हे खरं, पण पुराआधी दोन वर्षं त्या तिथेच होत्या, आणि आणखी पाच वर्षंही तिथेच राहिल्या असत्या. त्या गावाची लोकसंख्या, गावाबाहेर गेलेली घरं, शाळा, तालमी यांची मोजदाद करून छापलं असतं तर आकडा चारशेच्या वर गेला नसता.

याच्या उलट आजऱ्याकडचे एक शिक्षक. त्यांचं पुस्तक रानभाज्यांवरचं, अवघं ९६ पानांचं, म्हणजे छापखान्याच्या भाषेत १६ पानांचा एक असे सहा फर्मे. छापायच्या आधी दोन वर्षं ते दर रविवारी व्हॉट्सॲपवर एका भाजीचा फोटो आणि दहा ओळी टाकायचे. भाजी कुठं उगवते, कधी खुडायची, त्यांची आई ती कशी करायची, एवढंच. लोक ते पुढे पाठवायचे, आणि कुणीतरी विचारायचं, "गुरुजी, हे सगळं एकत्र मिळेल का?" विचारणाऱ्या प्रत्येकाचं नाव, गाव आणि नंबर गुरुजींनी शाळेच्या उरलेल्या वहीत लिहून ठेवला. माझ्याकडे आले तेव्हा वहीत २१४ नावं होती. त्यांनी ३०० प्रती छापल्या आणि पुस्तक जूनच्या पहिल्या आठवड्यात आणलं, पाऊस पडून रानात भाज्या वर यायच्या वेळेला. चार महिन्यांत प्रती संपल्या. आतापर्यंत चारदा छापलंय, दरवेळी थोडंच, आणि दरवेळी मागच्या आवृत्तीतल्या चुका सुधारून.

दोघांत लेखक म्हणून थोर कोण, हे मी ठरवणार नाही. फरक त्या वहीत होता.

म्हणून माझं पहिलं सांगणं. छापखान्याचा विचार करण्याआधी एक वही घ्या आणि दोनशे नावं लिहा. आडनावासकट, गावासकट. 'शेतकरी', 'साहित्यरसिक' असले मोघम शब्द नकोत. तुमच्या बाबतीत ही वही भरणं अवघड नाही. ३१ वर्षांतले शेती खात्यातले सहकारी, दुसऱ्या कारखान्यांचे शेती अधिकारी, ज्यांच्या फडात तुम्ही तोडीची तारीख दिलीत ते ऊसकरी, साखरशाळांमध्ये, म्हणजे तोडणी कामगारांच्या मुलांच्या शाळांमध्ये शिकवलेले शिक्षक, ऊसतोड कामगारांवर काम करणाऱ्या संस्था, शिवाजी विद्यापीठात समाजशास्त्र किंवा ग्रामीण साहित्य शिकवणारे प्राध्यापक. शिवाय एक मोठा भाग तुमच्या यादीतून सुटायची शक्यता आहे. तुमचा बराच वाचक कागलात राहत नाही. तो बीड जिल्ह्यात आहे. तोडणीला आलेल्या कोयत्यांची, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्यांची मुलं आज शिकून शिक्षक, पोलीस, ग्रामसेवक झालीत. आपल्या आईबापांचं जगणं कारखान्याच्या बाजूने कसं दिसत होतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. ज्या मुकादमांशी, म्हणजे तोडणीच्या टोळ्या आणणाऱ्यांशी तुमची अजून ओळख आहे त्यांना फोन करा आणि त्या मुलांची नावं मागा.

वही भरता भरता एक छोटा खर्च करा. एका फर्म्यात डेमी आकाराची, म्हणजे नेहमीच्या पुस्तकाच्या मापाची १६ पानं बसतात. तुमचं सगळ्यात जोरकस प्रकरण तेवढ्या पानांत बसवून त्याच्या ३०० पुस्तिका छापा, पिना मारून, साध्या कव्हरची. शेवटच्या पानावर पुस्तकाचं नाव, प्रकाशनपूर्व सवलतीची किंमत आणि पैसे भरायचा क्यूआर कोड. ही काही माझी डोक्यातली कल्पना नाही. इंग्रजी कादंबरीकार अमीश त्रिपाठी यांचं पहिलं पुस्तक अनेक प्रकाशकांनी नाकारलं होतं. २०१० मध्ये ते बाहेर आलं तेव्हा त्याचं पहिलं प्रकरण छापून पुस्तकांच्या दुकानांतून फुकट वाटलं गेलं. त्यांचा बाजार इंग्रजीचा आणि देशभराचा, आपला त्या मानाने लहान. पण माणूस चव घेतल्याशिवाय अनोळखी लेखकाला पैसे देत नाही, हे दोन्हीकडे सारखंच. पुस्तिका वाटून महिना-दीड महिन्यात शंभर जणांनी आगाऊ पैसे भरले, तर पुस्तक छापायला माझा पूर्ण होकार. वीसच आले, तर प्रकरण बदलून बघा, नाव बदलून बघा, नाहीतर १५० प्रती डिजिटलवर, म्हणजे प्लेट न बनवता थोड्या प्रती छापणाऱ्या मशिनवर काढा. जे काही कळायचं ते पाच-सहा हजारांत कळतं, ८५,००० घालून कळण्यापेक्षा.

आता संपादनाबद्दल, आणि यावर मी थोडी जास्त बोलणार आहे. पैसे वाचवायचे म्हटलं की लोक पहिली कात्री इथे लावतात.

प्रूफ तपासणं आणि संपादन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॅकेजमध्ये 'प्रूफ तपासणी' लिहिलेलं असतं, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ आणि टायपिंगच्या चुका बघणार, त्याही किती बघतील ते त्यांचं त्यांना माहीत. संपादक तुमचं पुस्तक वाचतो आणि सांगतो की हे इथून सुरू होत नाही. निवृत्त माणसांच्या आठवणींत मला हे नेहमी दिसतं. पहिली वीस-बावीस पानं जन्म, घराणं, शाळा, गुरुजी आणि नोकरीचा अर्ज यांत जातात, आणि पुस्तक खरं सुरू होतं तेविसाव्या पानावर. अनोळखी वाचक तिथपर्यंत येतच नाही. तुमचं हस्तलिखित मी पाहिलेलं नाही. पण तुम्ही प्रश्नात एक वाक्य सहज लिहून गेलात: "वाढं विकून आलेले पैसे बायका लुगड्याच्या गाठीला बांधून ठेवायच्या, ते मुकादमाच्या हिशेबात यायचे नाहीत." वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गुरांचा चारा. काका, हे वाक्य वाचून मी थांबले. उचल (कामगारांनी आगाऊ घेतलेली रक्कम), कोयता, मुकादम यांच्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. वाढ्याच्या पेंढ्या विकणाऱ्या बाईच्या गाठीतले पैसे बघितलेला माणूस आणि वजनकाट्याची पावती हातात धरलेला माणूस एकच आहे, हे तुमच्या पुस्तकाचं बळ. ते पहिल्या पाच पानांत यायला हवं.

संपादक म्हणून कोण? कारखान्यातला मित्र नको, त्याला सगळं आधीच ठाऊक असतं. घरातलं माणूसही नको. मराठी शिकवणारा, भरपूर वाचणारा आणि तुम्हाला तोंडावर 'हे काढा' म्हणू शकेल असा कुणीतरी शोधा, त्याला मानधन द्या आणि तीन महिने द्या. त्याच्याबरोबर शब्दांचाही विचार करा. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे कागलात सांगावं लागत नाही. पुण्यात सांगावं लागेल, आणि बीडमध्ये एखादा तुमचीच एखादी समजूत दुरुस्त करेल. त्या तिघांनाही एकच पान वाचायचंय, तेव्हा अर्थ वाक्यातच कळेल असं लिहून घ्या, शेवटी शब्दसूची जोडून भागवू नका. खऱ्या माणसांची नावंही याच वेळी तपासा. ज्या बाईंची दुखणी, कर्ज किंवा घरातली भांडणं तुम्ही लिहिली असतील, त्यांची परवानगी घ्या किंवा नाव-गाव बदला.

मजकूर टाइप करून घेताना तो युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकावर तसाच उघडेल अशा पद्धतीत करून घ्या. आमच्या धंद्यात अजूनही जुन्या फॉन्टवर बरंच काम चालतं. छापील पुस्तकापुरतं ते चालतं, पण पुढे ई-बुक करायला किंवा दुसऱ्या छापखान्यात न्यायला गेलात की मजकूर बदलताना जोडाक्षरं फुटतात. 'दुसऱ्या', 'शेतकऱ्या' या शब्दांतला 'ऱ्या' हमखास बिघडतो, आणि तुमच्या पुस्तकात शेतकरी तर पानापानावर असणार. एकदा असं झालेलं २०० पानी पुस्तक मी आणि माझी सहकारी नऊ दिवस ओळ न् ओळ पुन्हा वाचत बसलो होतो.

पैशाचा हिशेब आता मांडते. कागदाचे भाव हलतात, त्यामुळे हे आकडे माझ्या सध्याच्या कामांवरून काढलेला अंदाज समजा. २०८ पानं धरू, म्हणजे बरोबर १३ फर्मे. १६ च्या पटीत पानं बसवली की कागद वाया जात नाही. ५०० प्रतींना दर प्रत ८५ रुपये धरले तर ४२,५००. संपादन १२,०००. टायपिंग, मांडणी, प्रूफ आणि मुखपृष्ठ मिळून १३,०००. एकूण ६७,५००. छापील किंमत ३०० ठेवली, तर दुकानदार ३५ ते ४० टक्के सूट मागतो, आणि वितरक ५० किंवा त्याहून जास्त. स्वतः २० टक्के सवलतीत विकलंत तर २४० हातात येतात. थोडं इकडचं, थोडं तिकडचं धरून सरासरी २०० सुटतात. म्हणजे साधारण ३४० प्रती विकल्या की तुमचे पैसे मोकळे. वहीत २०० नावं असतील तर हे आवाक्यात आहे.

तुमच्या पॅकेजमध्ये प्रत ८५ रुपयांनाच पडते, म्हणून ते स्वस्त वाटतं. पण त्यात संपादन नाही. आणि त्याच ३४० प्रती विकल्या तर ६८,००० परत येतात, १७,००० अंगावर बसतात आणि ६६० प्रती घरात राहतात. न विकलेल्या प्रतीचा खर्च विकलेल्या प्रतीएवढाच असतो, हे कोटेशनमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं.

आयएसबीएनसाठी तर एक रुपयाही देऊ नका. तो केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय आयएसबीएन एजन्सीकडून मोफत मिळतो, अर्ज ऑनलाइन असतो आणि लेखकाला स्वतःच्या नावाने करता येतो. कागदपत्रांत चूक निघाली की अर्ज परत येतो, म्हणून छपाईच्या दोन महिने आधी करा. क्रमांक तुमच्या नावावर असला की पुढच्या आवृत्तीत कुणाची परवानगी मागावी लागत नाही. पुस्तक आल्यावर ३० दिवसांत एकेक प्रत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमारा ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना पाठवायची असते. १९५४ च्या कायद्याने ती प्रकाशकाची जबाबदारी आहे, आणि आता प्रकाशक तुम्ही आहात.

एक गोष्ट मात्र छापण्याआधीच बघा, नंतर तिचा उपयोग नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पहिल्या पुस्तकासाठी. तिला हस्तलिखित पाठवावं लागतं, छापलेलं पुस्तक चालत नाही. जाहिरात आली की अटी नीट वाचा. राज्य वाङ्मय पुरस्कारांतही पहिल्या पुस्तकांसाठी वेगळे पुरस्कार आहेत, आणि तिथे जानेवारी ते डिसेंबर हे प्रकाशनवर्ष धरतात. म्हणून डिसेंबरच्या शेवटी घाईने पुस्तक आणू नका. जानेवारीत आणलंत तर परीक्षकांपर्यंत पोचण्याआधी पुस्तकाला लोकांत फिरायला अख्खं वर्ष मिळतं. आपल्याकडे दक्षिण महाराष्ट्र साहित्य सभा आणि इचलकरंजीचं आपटे वाचन मंदिर यांचेही पुरस्कार असतात. पुरस्काराने लगेच विक्री वाढते असं नाही. पण अनोळखी लेखकाच्या पुस्तकाबद्दल वाचनालयाच्या समितीला एक आधार मिळतो, आणि आमच्या भागात वाचनालयं हाच सगळ्यात भरवशाचा गिऱ्हाईक आहे. बऱ्याच अनुदानित वाचनालयांची खरेदी फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकते. करवीर नगर वाचन मंदिरासारख्या १८५० पासून चालत आलेल्या मोठ्या संस्थेपासून ते तुमच्या गावातल्या 'ड' वर्गाच्या वाचनालयापर्यंत सगळीकडे स्वतः जाऊन एक प्रत टेबलावर ठेवा. ग्रंथपालाला वाचायला वेळ द्या आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जा. त्या दुसऱ्या खेपेला ऑर्डर मिळते. बहुतेक लेखक ती दुसरी खेप करतच नाहीत.

प्रकाशन समारंभावर मी कमीत कमी खर्च करा म्हणेन. हॉल, शाली, श्रीफळं, जेवणं यांत तीस-चाळीस हजार गेलेले आणि समारंभात चाळीस प्रती विकल्या गेलेल्या मी पाहिल्यात. पाहुणे सत्काराला आलेले असतात. तुमचं प्रकाशन गट ऑफिसच्या आवारात करा, गळीत हंगाम चालू असताना, जमलं तर तोडणीला आलेल्या एखाद्या जुन्या जोडप्याच्या हातून. पेपरवालेही येतील, कारण त्यात बातमी आहे. वेळ मात्र ऊसबिलं जमा झाल्यानंतरची निवडा. शेतकऱ्याच्या हातात पैसा असतो तेव्हा तो घरात पुस्तकही नेतो.

टपालाने पाठवताना १ मे २०२५ पासून सुरू झालेली ज्ञान पोस्ट ही टपाल खात्याची पुस्तकांसाठीची सेवा बघा. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये अधिक कर, आणि पाकीट कुठवर पोचलं ते कळतं. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं असावं लागतं. तुमचं २०८ पानी पुस्तक ७० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागदावर पाकिटासकट तीनशेच्या आत बसतं. ८० जीएसएम घेतलात तर काठावर येतं आणि अनेकदा वरच्या दरात जातं. बीडला शे-दीडशे प्रती पाठवायच्या म्हटलं की हा फरक जाणवतो. ऑनलाइन दुकानांबद्दल एवढंच, की तिथे पुस्तक 'असणं' आणि 'विकलं जाणं' यांत मोठं अंतर आहे. कुणीतरी नाव सांगितल्यावर माणूस तिथे शोधायला जातो. किंडलवर मराठी ई-बुक तुम्ही किंवा तुमची नातवंडं स्वतः टाकू शकता. ते नंतर करा, छापील प्रत लोकांच्या हातात जाऊन सहा महिने झाल्यावर. तोवर जूनच्या आधी दोन प्रकरणं दिवाळी अंकांना पाठवून ठेवा, अंकांचं काम तेव्हाच सुरू होतं.

हे सगळं करायला दोन वर्षं लागतात. काका, तुमची तेवढी तयारी आहे का, हे तुम्हीच ठरवायचं. नसेल तर १५० प्रती काढा, ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना नेऊन द्या आणि समाधानाने राहा. त्यालाही मी मनापासून मदत करेन. तयारी असेल तर तुमच्या पुस्तकाला वाचक आहे असं मला वाटतं, तुम्ही लिहिलेल्या त्या एका वाक्यावरून वाटतं.

महिनाअखेरीचा निर्णय मागणाऱ्या त्या कंपनीला आज एवढंच लिहून विचारा. हस्तलिखिताचं संपादन कोण करणार, आणि त्यांनी संपादित केलेली दोन पुस्तकं बघायला मिळतील का? आयएसबीएन कुणाच्या नावावर असेल? मांडणीची मूळ फाइल आणि मुखपृष्ठाची मूळ फाइल मला मिळणार का? करारात कॉपीराइट कुणाकडे, आणि छापायचा हक्क किती वर्षांसाठी? इथे एक लक्षात असू द्या, पुस्तक लिहिल्याक्षणी कॉपीराइट तुमचाच असतो, तो नोंदवावा लागत नाही, पण सही करून देऊन टाकता येतो. हक्क देताना मुदत लिहिलेली नसली तर कायदा पाच वर्षं धरतो, तेव्हा मुदत लिहूनच घ्या. शेवटी विचारा की १,००० ऐवजी ३०० प्रतींचं कोटेशन द्याल का. उत्तरं फोनवर नकोत, लेखी घ्या. आली की इथेच टाका, मी वाचून सांगते. आणि ते वाढ्याच्या पैशाचं प्रकरण लिहून झालं असेल तर तेही पाठवा.